मला फोटोत माणूस नको होता

माझा बागलाण तालुक्यातल्या नामपूरला फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत लग्नं, जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचे पासपोर्ट फोटो, अधूनमधून बारसं, एकसष्टी, दुकानाचं उद्घाटन. घर यावर चालतं. मनापासून करतो ते काम वेगळं आहे. किल्ले, जुनी देवळं, कडे, सुळके यांचे फोटो काढणं. कित्येक वर्षं मी या दोन कामांमध्ये एक पक्की रेघ ओढून ठेवली होती. पहिलं काम पोटासाठी, त्यात माणसं. दुसरं माझ्यासाठी, त्यात माणूस नको.

याचं कारण मी लोकांना सांगायचो ते असं: दिवसभर 'इकडे बघा, हनुवटी खाली, थोडं हसा' करून कंटाळा येतो, डोंगरात गेल्यावर तरी शांतता हवी. हे खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. खरं कारण मला आत्ता लिहितानाही जड जातंय. माणूस फोटोत आला की फोटो 'आपल्याकडचा' दिसायला लागतो, असं मला वाटायचं. डोक्यावर टोपी, हातात प्लॅस्टिकची कॅन, पायात झिजलेली चप्पल. मागे कितीही भव्य कडा असो, नजर त्या चपलेवर जाते. नाशिक-पुण्याचे लोक माझे फोटो बघून म्हणायचे, 'हे बागलाणात आहे? वाटत नाही!' आणि ते 'वाटत नाही' ऐकून मला धन्य वाटायचं. आपला मुलूख आपल्यासारखा दिसू नये यासाठी मी धडपडत होतो. मला माझ्या गावाची लाज वाटत होती आणि तिला मी कला म्हणत होतो.

बागलाण फोटोवाल्यासाठी श्रीमंत आहे, हे वेगळं सांगायला नको. साल्हेर 1567 मीटरवर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. कळसूबाईनंतर राज्यातलं दुसरं उंच शिखर तेच. 1672 मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला तो याच्याच पायथ्याशी. शेजारी मुल्हेर, म्हणजे बागुल राजांची राजधानी, आणि त्याला लागून मोरा आणि हरगड. मांगी-तुंगीचे जुळे सुळके, त्यांच्या पोटातली जैन लेणी आणि 2016 मध्ये पूर्ण झालेली ऋषभदेवांची 108 फुटी मूर्ती. पिसोळ. डेरमाळ आणि त्याचा भैरवकडा, जिथे कड्याच्या टोकाला पालथं पडूनच खाली बघावं. देवळाण्याचं जोगेश्वराचं मंदिर, ज्याला लोक बागलाणचं खजुराहो म्हणतात. हे सगळं मी काढलेलं आहे. पहाटे काढलंय, ढगात काढलंय, पाऊस थांबल्या-थांबल्या ओल्या दगडावर उजेड पडतो त्या दहा मिनिटांत काढलंय.

आणि सगळं रिकामं. देवळाण्याला पुजारी बाजूला होईपर्यंत मी ट्रायपॉड लावून बसायचो. ते हलले नाहीत तर घरी येऊन कॉम्प्युटरवर त्यांना पुसायचो. खांबाला बांधलेली नायलॉनची दोरी पुसायचो, विजेची वायर पुसायचो, नंदीवरचा ताजा गुलालसुद्धा फिका करायचो. एकदा मांगी-तुंगीच्या पायऱ्यांवरून चढणारा यात्रेकरूंचा एक अख्खा जथा मी एकेक करून काढून टाकला होता आणि त्या कौशल्याचा मला अभिमान वाटला होता.

माझ्या लेखी 'वास्तू' म्हणजे काय, याची व्याख्याही ठरलेली होती. ती जुनी हवी, मोठी हवी आणि तिचं नाव कुठल्या तरी पुस्तकात हवं. मोसम नदीतले दगडी बंधारे या व्याख्येत कुठेच बसत नव्हते. मी लहानपणापासून त्यांच्यावरून चालत गेलोय. खाली म्हशी बसलेल्या, वर धुणं वाळत घातलेलं. हे काय फोटो काढायचं ठिकाण आहे?

मग एका पावसाळ्यानंतर आबा दुकानात आले. त्यांचं गाव आणि बंधाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथला पाण्याचा वाद अजून मिटलेला नाही. वय पंचाहत्तरीच्या पुढे, तरुणपणी बंधाऱ्यावर पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी देणारे, होते. पुरात बंधाऱ्याला भगदाड पडलं होतं आणि दुरुस्तीसाठी अर्ज करायचा होता. अर्जाला फोटो लागतो. मोबाइलवर काढलेले फोटो नीट आले नव्हते, म्हणून कोणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. मी पैसे सांगितले, त्यांनी ते मोजून काउंटरवर ठेवले.

मी संध्याकाळी एकटाच गेलो. उजेड फार सुंदर होता. बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं, पलीकडे बाभळी, त्यांच्या मागे डोंगराची निळी रेघ. मी लेन्सला फिल्टर लावला, शटर लांबवलं, पाण्याची दुधासारखी साय झाली. धुणं धुणाऱ्या दोन बाया उठून जाईपर्यंत थांबलो. भगदाड उजव्या अंगाला होतं, ते चौकट बिघडवत होतं, म्हणून मी कॅमेरा थोडा डावीकडे वळवला. हे वाक्य मी परत वाचलं आणि तसंच ठेवतोय. भगदाडाचा फोटो काढायला गेलेल्या माणसाने भगदाड चौकटीच्या कडेला सारलं, कारण ते दिसायला बरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठी प्रिंट आबांच्या हातात दिली. त्यांनी ती जवळ धरली, लांब धरली, मग काउंटरवर ठेवली. रागावले नाहीत. म्हणाले, "बंधारा ते दिखस भाऊ. पन तुन्हा फोटोमा मानूस कोठे शे?"

मी म्हणालो, आबा, माणूस कशाला हवा, बंधाऱ्याचा फोटो आहे. त्यावर त्यांनी जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे भोक माणूसभर आहे की वीतभर आहे, हे साहेबाला यातून कसं कळणार? पाटाचं तोंड कुठे आहे? पाणी कोणत्या बाजूला चाललंय? आणि हे पाणी असं पांढरं का दिसतंय, हे आमचं पाणी नाही.

शेवटचं वाक्य मला लागलं. मी लोकांना आवडेल म्हणून पाण्याचा रंग बदलला होता आणि ज्याचं आयुष्य त्या पाण्यावर गेलं तो माणूस म्हणत होता, हे आमचं पाणी नाही.

दोन-तीन दिवसांनी आम्ही दोघं गेलो, सोबत एक पोरगा होता. त्या सकाळी माझ्यात काय बदललं ते सांगायचं म्हणून हा सगळा लेख. त्यामुळे जरा सावकाश सांगतो.

आबांनी मला माझ्या जागी उभं राहू दिलं नाही. कॅमेरा घेऊन मी सवयीने उंचवट्याकडे निघालो, तर त्यांनी मला खाली, बंधाऱ्याच्या पायथ्याशी चिखलात नेलं. तिथून पहिल्यांदा मला बंधारा दगडांचा बनलेला दिसला. म्हणजे वरून ती एक काळपट पट्टी दिसते. खालून एकेक चिरा वेगळा दिसतो. काळा पाषाण, मध्ये चुन्याचे सांधे, चुन्यात नदीतले बारीक गोटे. काही चिऱ्यांच्या कडा पाण्याने गोल होऊन गेलेल्या. आबांनी एका सांध्यात बोट घातलं, ओलसर भुगा बाहेर आला, तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. इथून सुरुवात होते, म्हणाले. आधी चुना जातो, मग गोटा, मग पुरात चिरा. भगदाड एका रात्रीत पडत नाही.

मग त्यांनी सोबत आलेल्या पोराला भगदाडात उभं केलं. पाणी त्याच्या कमरेला लागलं, वरचा चिरा त्याच्या डोक्याच्या वर हातभर. "आते काढ." मी काढला. प्रकाश वाईट होता, ऊन डोळ्यावर, पोराने डोळे बारीक केलेले, पाठीमागे कोणीतरी टाकलेली खताची गोणी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी तो फोटो बघितला आणि मला कळलं की इतक्या वर्षांत मी काढलेल्या एकाही फोटोवरून कुठल्याही भिंतीची उंची सांगता येणार नाही.

तिथून पुढे आम्ही पाटाने चालत निघालो. मला वाटलं होतं काम संपलं. आबांच्या मते ते सुरूही झालं नव्हतं.

फडपद्धतीबद्दल मी शाळेत काहीतरी वाचलं असेल. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर, म्हणजे धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, तीन-चारशे वर्षांपासून चालत आलेली पाणी वाटण्याची रीत. पण चालताना आबा सांगत होते ते पुस्तकात वाचण्यापेक्षा वेगळं होतं, कारण प्रत्येक गोष्ट बोट दाखवून सांगत होते. बंधारा पाणी साठवायला नसतो. नदी अडवून पाणी फक्त इतकं वर उचलायचं की ते पाटाच्या तोंडात शिरेल. पुढे ते उताराने आपोआप जातं, इंजिन नको, वीज नको. वरच्या बंधाऱ्यावरून सांडलेलं आणि झिरपलेलं पाणी खालच्या बंधाऱ्याला मिळतं. पाटातून चाऱ्या निघतात. जादाचं पाणी सांडव्याने परत नदीत जातं. भिजणारी सगळी जमीन ती थळ, आणि थळाचे तुकडे म्हणजे फड. एका फडात एका वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं; पुढच्या वर्षी फेरपालट.

आणि इथे आबा थांबले, कारण हे त्यांना नीट समजावून सांगायचं होतं. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी-थोडी जमीन प्रत्येक फडात असायची. का? तर नदीला पाणी कमी आलं की पंच बसून ठरवायचे, यंदा हा फड भिजवायचा आणि तो कोरडा ठेवायचा. जमीन अशी विखुरलेली असल्यामुळे कोरड्या फडाचा फटका सगळ्यांना थोडा-थोडा बसायचा आणि ओल्या फडातलं पीक सगळ्यांना थोडं-थोडं मिळायचं. एकटा कोणी बुडत नव्हता. पाणी द्यायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, पिकात ढोरं शिरू नयेत म्हणून जागल्या. पाण्याची पाळी सावलीवरून ठरायची, असं आबा म्हणाले. पायाने चिखल आणि गवताचा गोळा दाबून ते चारीचं तोंड कसं बुजवायचे, हेही त्यांनी करून दाखवलं. इतक्या वर्षांनंतरही टाच नेमकी कुठे मारायची ते त्यांच्या पायाला ठाऊक होतं.

मी बाजूला उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी ज्याला नुसता बंधारा समजत होतो तो या वास्तूचा एक दरवाजा होता फक्त. ही इमारत नदीपासून सुरू होऊन शेवटच्या वावरापर्यंत पसरलेली होती, तिचे खांब म्हणजे ही माणसं होती, आणि मी आयुष्यभर तिच्यात राहून तिचा एकही फोटो काढला नव्हता.

आता ती इमारत मोडकळीला आलेली आहे, हेही त्या चालण्यात दिसलं. मोसमवर वर हरणबारी धरण झालं, नदीचा हंगाम बदलला. विहिरी झाल्या, मोटारी बसल्या, पाइपलाइन आल्या. ज्याच्याकडे विहीर आहे त्याला फडाची गरज उरली नाही. डाळिंब आलं, उन्हाळ कांदा आला. ही ज्याच्या त्याच्या हिमतीची पिकं, सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं ही कल्पना त्यांच्यापुढे टिकणं अवघड. मी कोणाला दोष देत नाही. माझ्या घरचं डाळिंबसुद्धा ठिबकवरच होतं, तेल्या रोग येऊन बाग जाईपर्यंत. पाट ठिकठिकाणी गाळाने भरला होता, एका जागी बाभळीच्या मुळांनी काठ फोडला होता. आबा प्रत्येक जागी थांबायचे आणि फोटो काढायला लावायचे. कुठे पोराला उभं करायचे, कुठे स्वतः उभे राहायचे.

पाटाच्या शेपटाला आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथे एका बाईंचं वावर आहे, थळातलं सगळ्यात शेवटचं. चारी कोरडी, तळाला भेगा. त्या फावडं घेऊन बांधावरच होत्या. आबांनी त्यांना काय चाललंय ते सांगितलं. त्यांनी पदर नीट केला आणि कोरड्या चारीत जाऊन उभ्या राहिल्या, तोंड वरच्या अंगाला, जिकडून पाणी यायला पाहिजे त्या दिशेला. मी त्यांना 'इकडे बघा' म्हणणार होतो. रोजचं वाक्य आहे ते, तोंडातून आपोआप येतं. पण त्या बरोबर बघत होत्या. मी काहीच बोललो नाही आणि फोटो काढला.

दुकानात परत आल्यावर आबा म्हणाले, "या दोन्ही फोटू एकजागे ठेव." भगदाडात कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला पोरगा आणि कोरड्या चारीत उभ्या असलेल्या त्या बाई. मी दोन्ही एकाच कागदावर शेजारी-शेजारी छापले. एकीकडे पाणी वाया चाललंय, दुसरीकडे त्याची वाट बघणं चाललंय. छायाचित्र म्हणून दोन्ही सामान्य. पण अर्ज वाचायचीही गरज पडू नये इतके ते स्पष्ट होते. माझ्या कुठल्याही बक्षीसपात्र फोटोने इतकं काम केलेलं नाही.

त्या अर्जाचं पुढे काय झालं हा निराळा विषय. पुढच्या उन्हाळ्यात लोकांनीच वर्गणी काढून भगदाड बुजवलं. आलेल्या गवंड्याने मोबाइलवर तो फोटो पाहिला, पोरगा किती उंचीचा आहे एवढंच विचारलं आणि किती ब्रास दगड लागेल ते तिथल्या तिथे सांगितलं.

त्यानंतर मी माझे जुने फोटो काढून बसलो. हा भाग मला अजून त्रास देतो. देवळाण्याच्या माझ्याकडच्या फोटोंत मंदिर सुंदर आहे, पण कोणत्या वर्षी कोणता दगड सरकला होता, कुठे सिमेंट लागलं, कुठल्या मूर्तीचं नाक कधी गेलं, यातलं काही त्यांवरून सांगता येत नाही. काही ठिकाणी तर तडासुद्धा मीच मिटवलेला आहे. सौंदर्याच्या नावाखाली मी पुरावा नष्ट करत होतो. हा शब्द कठोर आहे, पण दुसरा मला सापडत नाही.

हेन्री कझिन्स या पुरातत्त्व खात्यातल्या अधिकाऱ्याचं दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचं पुस्तक 1931 मध्ये निघालं. त्यात आपल्या मालेगाव तालुक्यातल्या झोडग्याचं माणकेश्वर मंदिर आहे, सिन्नरचा गोंदेश्वर आहे. तेव्हाच्या सर्वेक्षणाच्या फोटोंत मंदिर सरळ समोरून, चारी बाजूंनी, आहे तसं घेतलेलं असायचं. पडलेले दगड पडलेले, उगवलेलं झाड उगवलेलं. म्हणून आजही त्यांवरून दुरुस्ती करता येते. एकोणिसाव्या शतकातल्या लेण्या-देवळांच्या कितीतरी फोटोंत कोपऱ्यात एक माणूस उभा असतो, खांबाची उंची कळावी म्हणून. हे बघून आधी मला बरं वाटलं, की आबांनी सांगितलं ते जुन्या जाणत्यांनाही ठाऊक होतं. मग वाईट वाटलं. त्या माणसाचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं. खांबाचं माप द्यायला तो हवा, पण तो कोण होता हे कोणाला नको.

आणि मग स्वतःला विचारावं लागलं, मी तरी वेगळं काय करतोय? आधी माणसाला पुसत होतो, आता पट्टीसारखा उभा करतोय? याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच करतो की आधी विचारतो, नाव विचारून वहीत लिहितो, फोटो कशासाठी आहे ते सांगतो आणि एक प्रिंट त्यांच्या घरी देतो. ज्या बाई कोरड्या चारीत उभ्या राहिल्या त्यांनी फोटो अर्जाशिवाय कुठे लावू नकोस, असं सांगितलं. म्हणून तो माझ्या दुकानात नाही आणि कुठल्या प्रदर्शनातही गेला नाही. काही वेळा मोह होतो. तो फोटो आता माझा सगळ्यात चांगला फोटो आहे, असं मला वाटतं.

डोंगरांकडे बघणंही बदललं, हे मला अपेक्षित नव्हतं. आमच्या भागात डोंगरउतारावर लांबच लांब सरळ दगडी भिंती दिसतात, कोणी रचल्यासारख्या. त्या कोणी रचलेल्या नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरांवर थर पसरत असताना काही लाव्हा भेगांतून वर आला आणि भेगेतच गोठला. आजूबाजूचा खडक झिजून गेला, हा टणक राहिला. धुळे-नंदुरबारपासून आपल्या बाजूपर्यंत अशा भिंती खूप आहेत. भूगर्भशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. मी त्यांचे फोटो काढायचो ते एक रेघ म्हणून, चौकटीत तिरपी छान दिसते म्हणून. आता एका शेतकऱ्याने दाखवलं की भिंतीच्या वरच्या अंगाच्या त्याच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं आणि खालच्या अंगाची डिसेंबरातच तळ गाठते. असा खडक जमिनीखाली पाणी अडवू शकतो. म्हणजे तोही एक बंधाराच, निसर्गाने आडवा घातलेला. मी आता त्या भिंतीचा फोटो काढतो तेव्हा दोन्ही विहिरी फोटोत येतील अशी जागा शोधतो. फोटो तितका देखणा येत नाही.

11 जुलै 2025 ला 'मराठा लष्करी स्थापत्य' म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतली जिंजी. त्यात आमचा साल्हेर. नामपुरात, सटाण्यात, ताहाराबादला लोकांना झालेला आनंद खरा होता, मलाही झाला. माझ्याकडे साल्हेरचे फोटो मागायला लोक येऊ लागले. मी दाखवत होतो: ढगात साल्हेर, चांदण्यात साल्हेर, परशुराम मंदिरामागे उगवता सूर्य. एका शिक्षकांनी विचारलं, दरवाजांच्या ओळीतल्या पायऱ्या दहा वर्षांपूर्वी कशा होत्या याचा फोटो आहे का? गडावरच्या टाक्यात पाणी किती असायचं? पायथ्याच्या वाडीतले लोक वर गुरं घेऊन जायचे, त्याचा? यातलं काही माझ्याकडे नव्हतं. त्या काळात मी तिथे होतो, कॅमेरा हातात होता आणि हे सगळं बाजूला सरण्याची मी वाट बघत होतो.

यादीत नाव आलेल्या किल्ल्याची काळजी आता बरेच जण घेतील. माझी चिंता यादीत कधीच न येणाऱ्या, फडाच्या बंधाऱ्यांसारख्या गोष्टींची आहे. अभियंते विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले ते नाशिकला आणि लगेच खानदेशात, पांझरेच्या खोऱ्यात कामाला आले. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी जमिनीचे गट पाडून पिकांची फेरपालट करायची ब्लॉक पद्धत मांडली. ती वाचताना फडाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. एवढी मोठी गोष्ट आमच्या नदीत उभी आहे आणि तिच्यावर पाटी नाही, तिकीट नाही, तिचा धड फोटो नाही. बारवांचं हेच होतं, पण रोहन काळे यांनी महाराष्ट्र बारव मोहीम सुरू केली आणि गावोगावच्या लोकांनी आपापल्या बारवा शोधून, साफ करून, फोटोसह नकाशावर आणल्या. बंधाऱ्यांसाठी असं काही व्हायला हवं, असं मला फार वाटतं.

मी अजूनही पहाटे एकटा डोंगरात जातो. रिकाम्या कड्याचा फोटो मला अजून आवडतो, तो आवडणं गैर आहे असंही मला वाटत नाही. पुसणं मात्र बंद केलं आहे. वायर असेल तर वायर, गुलाल असेल तर गुलाल, गोणी असेल तर गोणी.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या गावात बंधारा, बारव, वेस, पार, जुना पूल, चावडी, पाटाचं तोंड, असं जे काही उभं असेल त्याचा या आठवड्यात फोटो काढा. मोबाइल पुरतो. चारी बाजूंनी काढा, तडे आणि पडझड दिसेल असा काढा, शेजारी कोणाला तरी विचारून उभं करा. मागे तारीख, गाव, दिशा आणि त्या माणसाचं नाव लिहा. तो दगड कशासाठी रचला होता हे माहीत असलेलं म्हातारं माणूस गावात असेल तर त्याच्याबरोबर चालत जा, तो म्हणेल तिथे उभे राहा. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक शाळेत. नामपूरच्या आसपासचे असाल आणि छापायची सोय नसेल, तर माझ्याकडे या. अशा फोटोंच्या प्रिंटचे मी पैसे घेत नाही.